‘अ लीग ऑफ देअर ओन’: 1993 ची मालिका आणि 2022 ची मालिका

पेनी मार्शल यांचा 1992 चा चित्रपट आवडला म्हणून ‘अ लीग ऑफ देअर ओन’ ही मालिका शोधायला गेलं, की हमखास गोंधळ होतो. या नावाच्या दोन मालिका आहेत आणि दोन्ही लवकरच बंद पडल्या. दोन्हींच्या कथेचा काळही एकच. 1943 साली पुरुष खेळाडू युद्धावर जाऊ लागले, तेव्हा च्युइंगमवाले फिलिप रिगली यांनी अमेरिकेत बायकांची व्यावसायिक बेसबॉल लीग काढली. दोन्ही मालिकांमधला संघही तोच, रॉकफर्ड पीचेस.

सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर एप्रिल 1993 मध्ये आली ती सिटकॉम, म्हणजे हलकीफुलकी विनोदी मालिका. भाग अर्ध्या तासाचा. पात्रं चित्रपटातलीच, म्हणजे डॉटी, तिची धाकटी बहीण किट, प्रशिक्षक जिमी डूगन. पण जीना डेव्हिसच्या जागी केरी लोवेल आणि टॉम हँक्सच्या जागी सॅम मॅकमरे. हँक्सने स्वतः एक भाग दिग्दर्शित केला, तरी त्याच वर्षी मालिकेने गाशा गुंडाळला. भाग तयार झाले सहा. मला वाटतं, अडचण मुळातच होती. खेळायचं की नवऱ्याबरोबर घरी परतायचं, हा डॉटीपुढचा पेच चित्रपटाचा कणा आहे. मालिका चालवायची तर तिला संघात ठेवावंच लागतं, आणि मग पेचातली धारच जाते.

प्राइम व्हिडिओवरची 2022 ची मालिका सिटकॉम नाही. विनोद भरपूर आहे, पण आठही भाग तासाभराच्या आसपासचे आणि पात्रं सगळी नवी. अ‍ॅबी जेकबसनने विल ग्रॅहमबरोबर ती घडवली आणि कार्सन ही कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारी) स्वतः साकारली. तिच्याइतकीच जागा मॅक्सला आहे. ही कृष्णवर्णीय पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारी) निवड चाचणीला येते, कुणाच्याही आवाक्याबाहेरचा थ्रो करते, तरी तिला परत पाठवतात. त्या लीगने खरोखरच कृष्णवर्णीय मुली घेतल्या नाहीत. चित्रपटात ही गोष्ट काही सेकंदांत उरकते. इथे मात्र कॅमेरा मॅक्सच्या मागोमाग स्क्रूच्या कारखान्यात जातो, कारण तिथल्या संघात शिरायचं तर आधी नोकरी हवी. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या खेळाडूंबद्दलही मालिका मोकळेपणाने बोलते. त्या लीगमध्ये खेळलेल्या मेबेल ब्लेअर यांनी जून 2022 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी, आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे सांगितलं, तेही याच मालिकेच्या निमित्ताने.

खऱ्या लीगमध्ये आठवड्याला 45 ते 85 डॉलर मिळत. त्या काळच्या मुलीसाठी पगार चांगलाच. पण गणवेश आखूड स्कर्टचा, त्यामुळे बेसवर घसरत गेलं की मांड्यांची सालटी निघत. वर लिपस्टिक सक्तीची, आणि सुरुवातीला संध्याकाळी शिष्टाचाराचे वर्ग. ही नोकरी होती, आणि मालकाच्या अटीही नोकरीसारख्याच होत्या. हे मला 2022 च्या मालिकेत जास्त जाणवतं.

डॉटी दिसली तर 1993 ची, कार्सन दिसली तर 2022 ची. दुसरीचा चार भागांचा पुढचा सीझन जाहीर झाला होता. ऑगस्ट 2023 मध्ये हॉलिवूडमधल्या संपांचं कारण देऊन तो रद्द झाला. त्यामुळे आठव्या भागाचा शेवट अधांतरीच राहिला.