परराज्यात घेतलेली आयात मोटार महाराष्ट्रात आणताना: नोंदणी, कागदपत्रे आणि वाहतूक

परदेशात पूर्ण तयार होऊन आलेली एखादी जुनी मोटार दिल्लीत घ्यावी आणि पुण्यात किंवा नाशिकला आणून वापरावी, असा विचार अनेक जण करतात. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2014 आणि 2015 च्या आदेशांनंतर दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंधने आली. त्यामुळे तिथल्या सुस्थितीतल्या महागड्या गाड्या कमी भावात इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. व्यवहार कायदेशीर आहे आणि नीट केला तर फायद्याचाही ठरतो. मात्र कागद आधी, पैसे नंतर आणि गाडी सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये.

सर्वाधिक गैरसमज बारा महिन्यांबद्दल आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 47 नुसार दुसऱ्या राज्यात नोंदवलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ नव्या राज्यात ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. ही मुदत मुख्यतः स्वतःची गाडी घेऊन बदलीवर किंवा नोकरीसाठी आलेल्या मालकाच्या कामाची आहे. ज्याने गाडी विकत घेतली आहे, त्याला कलम 50 लागू होते आणि त्यानुसार खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत आपल्या रहिवासाच्या आरटीओकडे मालकी हस्तांतरणाची नोंद मागितली पाहिजे. ‘वर्षभर कोणी विचारत नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य ऐकून स्वस्थ बसू नये, कारण त्या वर्षात अपघात झाला तर कागदोपत्री मालक भलताच असतो आणि विम्याचा दावा तिथेच अडकतो.

आयात गाडीच्या बाबतीत आरसी बुक हा पहिला कागद नव्हे. पहिला कागद म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे दाखल झालेली बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे घोषणापत्र, आणि शुल्क भरल्याची पावती. विदेशी नाव असलेली प्रत्येक गाडी आयात नसते, हेही इथेच सांगितले पाहिजे. मर्सिडीजच्या अनेक गाड्यांची जुळणी चाकणला आणि बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांची चेन्नईजवळ होते. गाडी वापरलेल्या अवस्थेत देशात आली असेल तर तपासणी अधिक कडक ठेवावी, कारण अशा गाडीला आयातीच्या वेळी तीन वर्षांपेक्षा जुनी नसण्याची अट आहे आणि ती मुंबई बंदरातूनच आणता येते. परदेशी दूतावासाच्या सवलतीत शुल्क न भरता आलेली गाडी सामान्य माणसाला विकण्याआधी शुल्क भरलेले असावे लागते, तेव्हा जुन्या मालकांच्या यादीत दूतावास दिसला तर ती पावती पाहिल्याशिवाय बयाणाही देऊ नये. सप्टेंबर 2025 मध्ये सीमाशुल्क विभागाने केरळात ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवले आणि भूतानमार्गे बेकायदा आणून बनावट कागदांवर इतर राज्यांत नोंदवल्याचा संशय असलेल्या गाड्या जप्त केल्या. अशा प्रकरणात गाडी सापडते ती शेवटच्या खरेदीदाराच्या दारात.

यानंतर विक्रेत्याने आपल्या मूळ आरटीओकडे फॉर्म 28 मध्ये ना हरकत प्रमाणपत्रासाठी, म्हणजे एनओसीसाठी, अर्ज करायचा असतो. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याचा पुरावा आणि चेसिस क्रमांकाचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकाचा, पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. हा ठसा किरकोळ वाटतो, पण बऱ्याच आयात गाड्यांत क्रमांक पुढच्या सीटखालच्या गालिच्याआड कोरलेला असतो. गालिचा उचलायचा, धूळ पुसायची, पातळ कागद दाबून धरायचा आणि शिसाची बाजू आडवी फिरवायची, तेव्हा कुठे एकेक अक्षर उमटते. खरेदीदाराने त्या वेळी शेजारी उभे राहावे आणि उमटलेला क्रमांक आरसी व बिल ऑफ एंट्रीशी स्वतः जुळवावा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची संमती आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 लागतो. ई-चलनाचा थकीत दंड राहिला असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. एनओसी देण्यापूर्वी चोरीचा गुन्हा नसल्याचा पोलीस अहवाल घेतला जातो, आणि कायद्यानुसार अर्जावर तीस दिवसांत निर्णय कळवला नाही तर एनओसी दिली असे मानले जाते. तरीही प्रत्यक्ष कागद हातात घेतल्याशिवाय गाडी हलवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी चालवत आणायची असेल तर मूळ आरसी, एनओसी, विक्रीचा करार, विमा आणि पीयूसी सोबत ठेवावे. जमिनीलगत बसणारी गाडी बंद कंटेनरमधून आणणे बरे. चढवताना रॅम्पखाली लाकडी फळ्या टाकायला सांगावे आणि पट्टे गाडीच्या सांगाड्याला न बांधता चाकांना बांधून घ्यावेत. निघण्यापूर्वी चारही बाजूंचे, चाकांचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढून वाहतूकदाराच्या पावतीवर गाडीची अवस्था लिहून घ्यावी, आणि वाटेतल्या नुकसानीचा वेगळा विमा उतरवावा.

महाराष्ट्रात आल्यावर सरकारच्या ‘वाहन’ या संकेतस्थळावर नव्या क्रमांकासाठी फॉर्म 27 आणि हस्तांतरणासाठी फॉर्म 29 व 30 भरून, एनओसी, मूळ आरसी, बिल ऑफ एंट्री, पहिल्या खरेदीचे इन्व्हॉइस, पत्त्याचा पुरावा आणि पॅनसह गाडी तपासणीला न्यावी लागते. विमा नावावर करण्यासाठी कंपनीकडे चौदा दिवसांत अर्ज करावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही. साध्या मोटारीचे नोंदणी शुल्क 600 रुपये असले तरी आयात मोटारीसाठी ते 5,000 रुपये आहे. खरा खर्च मात्र कराचा आहे. राज्यात आयात मोटारींना एकरकमी कराचा दर 20 टक्के आहे आणि 1 जुलै 2025 पासून या कराची कमाल मर्यादा 20 लाखांवरून 30 लाख रुपये झाली. जुन्या गाडीला वयानुसार कर कमी बसतो, पण हिशेब मूळ किमतीवरून होतो, तुम्ही दिलेल्या किमतीवरून नव्हे. म्हणूनच सौदा ठरवण्याआधी पहिल्या इन्व्हॉइसची प्रत आरटीओत दाखवून कराचा आकडा काढून घ्यावा. पन्नास लाखांची गाडी पंधरा लाखांत मिळाल्याचा आनंद अनेकदा या खिडकीशी ओसरतो.

कर भरल्यावर नवा क्रमांक मिळतो आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली जाते. त्यानंतर नव्या आरसीची प्रत जोडून पहिल्या राज्याच्या आरटीओकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो. तो पैसा ज्याने कर भरला त्याच्या नावावर निघतो, तेव्हा परताव्याची रक्कम कोणाची, हे विक्रीच्या करारातच एका ओळीत लिहून घ्यावे.