पोटरीचा स्नायू नडगीवर: पाय वाचवण्याच्या शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

नडगीच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं तर कातडीखाली थेट हाड लागतं. मध्ये स्नायूचा थरच नाही. त्यामुळे अपघातात पाय चिरडला की हे हाड चटकन उघडं पडतं. त्यावरचं पातळ आवरणही खरवडलं गेलं असेल, तर साधं त्वचारोपण तिथे धरत नाही, कारण रोपलेल्या कातडीला खालून रक्त मिळावं लागतं. मग हाड सुकतं, मरतं आणि त्यात पू होतो. एकोणिसाव्या शतकात अशा रुग्णाचा जीव वाचवायचा तर बहुतेक वेळा पाय कापावा लागे.

पहिल्या महायुद्धात मेलेलं मांस कापून काढण्याची शिस्त रुळली. स्पेनच्या यादवी युद्धात शल्यविशारद जोसेप त्रुएटा यांनी जखम अशी साफ करून पाय सरळ प्लास्टरमध्ये बंद केला. त्यांच्या १,०७३ रुग्णांत मृत्यू सहा. प्लास्टरला असह्य वास यायचा, पण पाय राहायचा! हाड झाकण्याचा प्रश्न मात्र तसाच होता. त्यावर एक जुना तोडगा होता: धडक्या पायाच्या कातडीचा पदर जखमेवर शिवायचा आणि तो तिथे रुजेपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, दोन्ही पाय एकमेकांना जखडून ठेवायचे.

कातडीऐवजी स्नायू वापरण्याची कल्पना १९४६ मध्ये स्टार्क या शल्यविशारदांनी मांडली. फ्रॅक्चरनंतर वर्षानुवर्षं पू वाहणाऱ्या हाडाच्या पोकळीत त्यांनी शेजारचा स्नायू भरला. या कल्पनेकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९६० च्या दशकात राल्फ गेर यांनी पायाच्या जखमांसाठी ती पुन्हा हाती घेतली. नडगीच्या वरच्या एक-तृतीयांश भागासाठी गॅस्ट्रोक्नेमियस या पोटरीच्या वरवरच्या स्नायूचा आतला अर्धा, मधल्या भागासाठी त्याच्याखालचा सोलियस, ही वाटणी पुढे रूढ झाली. स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट फिरवून हाडावर आणायचा आणि वरून कातडी रोपायची. रक्तपुरवठ्यासकट हलवलेल्या अशा भागाला फ्लॅप म्हणतात. घोट्याजवळ मात्र फिरवण्याजोगा स्नायूच उरत नाही, नुसते कंडरे असतात. ती अडचण मायक्रोसर्जरीने, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक वाहिन्या जोडण्याच्या तंत्राने सोडवली. १९७३ मध्ये डॅनियल आणि टेलर यांनी जांघेतली कातडी सुटी करून तिच्या वाहिन्या पायातल्या वाहिन्यांना जोडल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे पाठीचा रुंद स्नायूही असाच पायावर येऊ लागला.

निकालांची तुलना करायची तर हाड मोडून जखम उघडी पडलेल्या अशा फ्रॅक्चरांची प्रतवारी हवी. ती गुस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ मध्ये केली आणि १९८४ मध्ये तिसऱ्या प्रकाराचे अ, ब, क असे पोटभाग पडले. फ्लॅपचे रुग्ण मुख्यतः ‘तीन-ब’ मधले, म्हणजे आवरण खरवडून हाड उघडं पडलेले.

दोन वर्षांनी स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाचे शल्यविशारद मार्को गोदिना यांचा ५३२ रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्याच वर्षी ते मोटार अपघातात गेले होते. ७२ तासांच्या आत फ्लॅप केला तर तो फसण्याचं प्रमाण ०.७५ टक्के, जंतुसंसर्ग १.५ टक्के. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत केलेल्यांत हेच आकडे १२ आणि १७.५ टक्क्यांवर गेले. तेव्हापासून ७२ तास हा जणू मंत्रच झाला. पण रुग्ण चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेले नव्हते. माझ्या मते यशाचं मोठं श्रेय घड्याळापेक्षा गोदिनांच्या निर्दय साफसफाईला आहे. मेलेला भाग ते मागेपुढे न पाहता काढत.

तोवर निकाल म्हणजे फ्लॅप जगला का, हाड जुळलं का, एवढंच. अमेरिकेतल्या आठ ट्रॉमा केंद्रांत (गंभीर अपघातग्रस्तांच्या रुग्णालयांत) झालेल्या ‘लीप’ या पायाच्या गंभीर जखमांवरच्या अभ्यासाने रुग्णालाच विचारलं. २००० मध्ये त्यातून असं दिसलं की हाडाचा चुरा झालेल्या पायांत शेजारचा स्नायू फिरवला, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल अशी गुंतागुंत दुरून आणलेल्या फ्लॅपच्या ४.३ पट संभवते. कारण उघड आहे: ज्या धक्क्याने हाड फुटलं, तो पोटरीलाही बसलेला असतो. २००२ चा निष्कर्ष जास्त बोचरा होता. ५६९ रुग्णांत दोन वर्षांनी पाय वाचवलेले आणि पाय कापलेले यांच्या एकूण कार्यक्षमतेत लक्षणीय फरक नव्हता. कामावर परतलेले अनुक्रमे ४९.४ आणि ५३ टक्के. पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण मात्र वाचवलेल्यांत ४७.६, कापलेल्यांत ३३.९ टक्के. आणि कोण नीट सावरेल हे जखमेच्या प्रकारापेक्षा शिक्षण, गरिबी, धूम्रपान आणि पाठीशी असलेली माणसं यांवरून जास्त चांगलं सांगता येत होतं.