हँडगार्ड बदलताना आधी नळीकडे बघा

अमेरिकेत एआर-१५ जातीच्या रायफलचं हँडगार्ड, म्हणजे नळीभोवतीचं हाताने धरायचं आवरण, बदलणं हा हौसेचा मोठा मामला आहे. जाहिरातींत वजन, रंग आणि खाचा यांचंच कौतुक असतं. खरा प्रश्न वेगळा आहे: हे हँडगार्ड नळीला नेमकं कुठे टेकतं?

एम४ कार्बाइन ही अमेरिकी लष्कराची याच जातीची आखूड रायफल. तिच्या मूळ हँडगार्डचं मागचं टोक स्प्रिंगच्या कड्यात बसतं, तर पुढचं नळीवरच्या टोपीत. त्यामुळे हँडगार्ड हाताने दाबलं किंवा बायपॉडवर, म्हणजे दोन पायांच्या टेकूवर, टेकवलं, की तो जोर नळीवर येतो. नळी म्हणजे एका टोकाला आवळलेली तुळई. पोलादाची असली तरी ती वाकतेच. एम४ची नळी सुमारे ३७ सेंटिमीटर लांब असते. तिचं तोंड फक्त ०.१ मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीइतकं सरकलं असं धरा. तुळईच्या टोकाचा उतार म्हणजे सरकणं भागिले लांबी, त्याच्या दीडपट. तो येतो ०.०००४ रेडियन. १०० मीटरवर गोळी ४ सेंटिमीटर बाजूला!

हा बाक कायम सारखा राहिला असता, तर दुर्बीण जुळवून काम भागलं असतं. पण हाताची पकड दर वेळी बदलते.

त्यात नळी थरथरते, आणि मला सगळ्यात मोह घालणारा भाग हाच आहे. बार उडताच आतला दाब वातावरणाच्या जवळपास ४ हजार पट होतो आणि साधारण एका मिलिसेकंदात गोळी बाहेर पडते. तेवढ्यात नळीत कंपनं सुरू झालेली असतात. गोळी सुटते त्या क्षणी नळीचं तोंड जिकडे, तिकडे ती जाते. मोकळ्या नळीच्या कंपनाची वारंवारता साधारणपणे जाडीच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. मध्येच कुठे टेकू लागला की सीमाअटी (नळी कुठे धरलेली, कुठे मोकळी) बदलतात, कंपनाचा आकारही बदलतो. टेकूचा जोर कमीजास्त झाला, तर प्रत्येक गोळीला जणू वेगळी नळी मिळते.

फ्री-फ्लोट हँडगार्ड फक्त मागे, नळीच्या नटावर आवळलेलं असतं. पुढे नळीला त्याचा स्पर्शच नाही. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफलचीही नळी सहसा अशीच मोकळी असते. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकलं त्या प्रकारात दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. झोपून आणि गुडघ्यावर बसून नेम धरताना पट्टा चांगला ताणलेला असतो, पण तो ताण दस्त्यावर येतो, नळीवर नाही.

‘फ्री-फ्लोट लावा, अचूकता दुप्पट होईल’ हा मात्र निव्वळ जाहिरातीचा फुगा. मुळात वाईट असलेली नळी मोकळी सोडून सुधारत नाही.

हँडगार्डच्या रेलवर, म्हणजे उपकरणं अडकवायच्या पट्टीवर, नेमाचा लेझर बसवायचा असेल तर गणित बदलतं. तिथे रेलचा ताठपणा आणि जोडणी महत्त्वाची. अमेरिकी नौदलाच्या क्रेन इथल्या केंद्राने एम-लॉक आणि कीमॉड या जोडणीच्या दोन पद्धतींवर उपकरण काढून पुन्हा बसवण्याच्या चाचण्या घेतल्या. २०१७ मध्ये बाहेर आलेल्या त्या निकालांत नेम सरासरी एम-लॉकवर १.३ कोनीय मिनिटं सरकला, कीमॉडवर ४.९. एक मिनिट म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर.

लांबी ठरवताना गॅस ब्लॉक, म्हणजे नळीतला गॅस मागे वळवणारा नळीवरचा ठोकळा, बघा. जुनी त्रिकोणी माशी (पुढची नेमखूण, हीच गॅस ब्लॉकचंही काम करते) नळीवर तशीच असेल, तर तिच्यापुढे जाणारं हँडगार्ड सहसा बसत नाही. एकतर बुटका गॅस ब्लॉक लावा, नाहीतर आखूड हँडगार्ड घ्या.