भुकेच्या तक्रारींतील प्रेरक संवाद

प्रेरक संवाद ही समुपदेशनाची पद्धत आहे. मूळ नाव मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. ‘मुलाखत’ म्हटले की नोकरी आठवते, म्हणून येथे ‘संवाद’. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ती दारू सुटत नसलेल्यांसाठी मांडली. स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी लिहिलेले पुस्तक १९९१ मध्ये आले. पुढे मधुमेह, तंबाखू आणि खाण्यापिण्याच्या तक्रारींतही तिचा वापर होऊ लागला.

अन्नावरची वासना उडाली की आपल्या घरांत उपाय एकच : आग्रह. ही पद्धत नेमका तोच बाजूला ठेवते. बदलाबाबत माणसाचे मन दोन्हीकडे ओढ घेत असते. समोरच्याने एक बाजू लावून धरली की तो दुसरी मांडू लागतो आणि तिच्यावरच ठाम होतो. नागपुरी ‘काऊन जेवत नाही?’ कितीही मायेचे असले, तरी उत्तरादाखल सबबच मिळते.

नागपुरात खर्ऱ्याचे, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचे, उदाहरण चपखल बसते. त्यातल्या तंबाखूतील निकोटिनने भूक दबते. सुपारीने पुढे तोंड उघडेनासे होते, सावजी रस्सा तर जिभेला झोंबतोच. अशा वेळी समुपदेशक ‘खर्रा सोडा’ म्हणत नाही.

‘खर्ऱ्याने तुमचं काय भागतं?’

‘ड्युटीत भूक मरते जी.’

‘आणि घरी जेवायला बसल्यावर?’

‘दोन घासांत उठतो. पोरगी ताटाकडे पाहत राहते.’

हे शेवटचे वाक्य समुपदेशक हेरतो आणि तेच परत बोलून दाखवतो : ‘पोरीचं ते पाहणं तुम्हाला लागतं.’ मग मोजपट्टी : ० ते १० मध्ये तयारी किती? उत्तर ४ आले, तर ‘२ का नाही?’ असे विचारायचे. ‘८ का नाही?’ विचारले, तर अडचणींचीच यादी येते.

त्याआधी शरीर तपासावे. कावीळ, क्षयरोग, थायरॉइडचे विकार, नैराश्य, काही औषधे यांनीही भूक जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेल्यावर जेवण कमी होते, तो तर आजारच नव्हे. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा या खाण्याच्या मानसिक विकारात रुग्णाला कमी खाणे हीच आपली कमाई वाटते. तेथे या पद्धतीचा पुरावा तोकडा आहे, आणि वजन धोक्याइतके घटले असेल तर बोलत बसण्याआधी रुग्णालय गाठावे. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेची मोफत हेल्पलाइन १४४१६.