दिवसातून किती वेळा? प्रिस्क्रिप्शनमागचे औषधशास्त्र

आरोग्यशाखेचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी प्रिस्क्रिप्शनवरची लघुरूपे पाठ करतात: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, क्यूआयडी म्हणजे चारदा, एचएस म्हणजे झोपताना, एसी जेवणापूर्वी, पीसी जेवणानंतर, एसओएस गरज पडल्यास आणि स्टॅट म्हणजे ताबडतोब. औषधशास्त्राची मूलतत्त्वे मात्र ते वेगळ्या तासाला, वेगळ्या वहीत शिकतात आणि अनेकांच्या मनात या दोन गोष्टींची सांगड कधी बसतच नाही. ती सुरुवातीलाच बसायला हवी, असे मला मनापासून वाटते. औषध शरीरात कोणत्या वाटेने शिरते, किती काळ टिकते आणि तिथे नेमके काय करते, या सगळ्याचा हिशेब त्या दोन-तीन अक्षरांमागे असतो, आणि तो हिशेब समजलेल्याला लघुरूप चुकीचे लिहिले गेले तरी खटकते.

या हिशेबातला सर्वांत उपयोगी आकडा म्हणजे अर्धायुकाल, अर्थात रक्तातील औषधाचे प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ. निरोगी प्रौढ व्यक्तीत पॅरासिटामॉलचा अर्धायुकाल सुमारे 2 ते 3 तास असतो. तो अडीच तास धरला, तर दहा तासांत चार अर्धायुकाल उलटतात आणि रक्तात मूळ प्रमाणाच्या जेमतेम 6 टक्के औषध उरते. म्हणून ताप उतरलेला ठेवायचा असेल, तर हे औषध दिवसातून तीन-चार वेळा द्यावे लागते. रक्तदाबासाठीच्या ॲम्लोडिपिनचा अर्धायुकाल 30 ते 50 तासांचा असल्याने त्याची एकच गोळी दिवसभर पुरते.

हाच आकडा आणखी एका प्रश्नाचे उत्तर देतो. एखादे औषध ठरावीक अंतराने घेत राहिल्यास रक्तातील त्याचे प्रमाण हळूहळू वाढत जाते आणि साधारण चार ते पाच अर्धायुकालांनंतर, आत येणारे व बाहेर जाणारे औषध समसमान झाल्यावर, स्थिरावते. ॲम्लोडिपिनला त्यासाठी आठवडाभर लागतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी रक्तदाब पुरेसा उतरला नाही म्हणून मात्रा वाढवणे घाईचे ठरते. थायरॉइडच्या कमतरतेसाठी दिल्या जाणाऱ्या लेव्होथायरॉक्सिनचा अर्धायुकाल सुमारे 7 दिवसांचा आहे, आणि मात्रा बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) तपासणी साधारण सहा आठवड्यांनी का करतात, याचे मोठे कारण इथेच सापडते. जिथे इतके थांबणे परवडत नाही, तिथे सुरुवातीला मोठी मात्रा देऊन रक्तातील पातळी लवकर गाठतात. हृदयाच्या काही विकारांत डिगॉक्सिन असे दिले जाते. डिगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडे मंदावली की त्याचा अर्धायुकाल लांबतो आणि नेहमीचीच मात्रा अंगावर येऊ शकते.

मात्र सगळा हिशेब अर्धायुकालावर सोडला, तर काही औषधे आपल्याला चकवतात. ॲस्पिरिन मूळ रूपात रक्तात पंधरा-वीस मिनिटांतच निम्मे होते, तरीही रक्ताची गुठळी टाळण्यासाठी त्याची छोटी मात्रा दिवसातून एकदाच पुरते. ॲस्पिरिन रक्तबिंबिकांमधील (प्लेटलेट्समधील) एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, कायमचे निकामी करते. रक्तबिंबिकांना केंद्रक नसल्यामुळे त्यांना ते विकर नव्याने तयार करता येत नाही आणि औषध निघून गेल्यावरही त्यांच्या 7 ते 10 दिवसांच्या उरलेल्या आयुष्यभर परिणाम टिकतो. ओमेप्राझोलचेही असेच आहे. त्याचा अर्धायुकाल तासाभराचा असला, तरी जठरातील आम्ल स्रवणाऱ्या पंपांना ते कायमचे बंद करते आणि नवे पंप तयार होईपर्यंत परिणाम राहतो. शिवाय ते चालू असलेल्या पंपांवरच काम करते आणि पंप चालू होतात अन्नामुळे. म्हणून ओमेप्राझोलपुढे ओडीबरोबर एसी लिहिलेले असते, आणि ते जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घेणे अपेक्षित असते.

प्रतिजैविकांमध्ये हा फरक आणखी ठळक दिसतो. ॲमॉक्सिसिलिनची परिणामकारकता त्याची रक्तातील पातळी जिवाणूंची वाढ रोखणाऱ्या किमान पातळीच्या वर किती वेळ राहते, यावर अवलंबून असते, आणि त्याचा अर्धायुकाल तर तासाभराचाच. त्यामुळे ते दर आठ तासांनी देतात. येथे टीडीएस या अक्षरांचा अर्थ नीट समजावून सांगावा लागतो. रुग्णाने सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ अशा वेळा धरल्या, तर दिवसातून तीनदा हे खरे ठरते, पण रात्रीचे बारा तास मोकळे जातात. सहा, दोन आणि दहा अशा वेळा ठरवून दिल्या की ही उणीव भरून निघते. याउलट जेंटामायसिन उच्च पातळीला पोहोचले की जोरदार काम करते आणि पातळी उतरल्यावरही जिवाणूंची वाढ काही काळ दबलेली राहते, म्हणून अर्धायुकाल दोन-तीन तासांचा असूनही अनेक रुग्णांना ते दिवसातून एकदाच देता येते.

औषध कोणत्या मार्गाने द्यायचे, हेही प्रिस्क्रिप्शनवर मात्रेइतक्याच ठळकपणे लिहिलेले असावे. गिळलेले औषध आतड्यांतून शोषले गेल्यावर आधी यकृतात जाते आणि तिथे त्याचा काही भाग नष्ट होतो. प्रोप्रॅनोलॉलचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग या पहिल्या फेरीतच खर्ची पडतो. त्यामुळे तोंडाने 40 मिलिग्रॅम दिले जाणारे हे औषध शिरेतून द्यायचे तर 1 ते 3 मिलिग्रॅमच लागते. मार्ग बदलला आणि आकडा तोच राहिला, तर काय होईल, याची कल्पना यावरून करता येईल. छातीतील कळेसाठी नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात, तेही यकृताची ही फेरी टाळण्यासाठीच.

परिणामकारक मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर जिथे कमी असते, तिथे लिहिण्यातली बारीक चूकही जीवघेणी ठरू शकते. डिगॉक्सिन, वॉरफेरिन, लिथियम आणि फेनिटॉइन ही अशी औषधे आहेत. दशांश चिन्हापूर्वी शून्य न लिहिता नुसते .25 लिहिले आणि ते टिंब पुसट उमटले, तर वाचणाऱ्याला 25 दिसते, म्हणजे शंभरपट. उलट 5.0 लिहिल्यास तेच 50 वाचले जाऊ शकते, म्हणून पूर्णांकापुढे टिंब आणि शून्य लिहू नये. मायक्रोग्रॅमची खूण मिलिग्रॅमसारखी दिसली तर चूक हजारपट होते, तेव्हा हा शब्द पूर्ण लिहिणेच सुरक्षित. इन्सुलिनच्या मात्रेपुढचे युनिटचे रोमन आद्याक्षर U शून्यासारखे दिसून 4 चे 40 होऊ शकतात. ओडी या अक्षरांचाही नेत्रविज्ञानातला अर्थ उजवा डोळा असा आहे. माझ्या मते या सगळ्यांत मेथोट्रेक्सेटकडे विद्यार्थ्यांनी सर्वाधिक लक्ष द्यावे. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. सवयीने ओडी लिहिले गेले किंवा रुग्णाने रोज घेतले, तर अस्थिमज्जेचे काम मंदावून मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून आठवड्यातला नेमका वार प्रिस्क्रिप्शनवर लिहिण्याचा आग्रह धरला जातो.

एसओएस हे लघुरूप दिसायला सर्वांत निरुपद्रवी असते, पण त्यात निर्णय रुग्णावर सोपवलेला असतो. त्यामुळे गरज कशाला म्हणायचे, दोन मात्रांत किमान किती अंतर ठेवायचे आणि चोवीस तासांत कमाल किती घ्यायचे, या तीन गोष्टी सोबत लिहिल्याशिवाय ती सूचना अपुरी राहते. पॅरासिटामॉलची प्रौढांसाठीची कमाल मर्यादा साधारणपणे दिवसाला 4 ग्रॅम मानली जाते, आणि वजन कमी असलेल्यांत किंवा यकृताचा विकार असलेल्यांत ती आणखी खाली आणावी लागते. मर्यादा ओलांडली की यकृतातला ग्लुटाथायोन या संरक्षक द्रव्याचा साठा संपतो आणि पॅरासिटामॉलपासून तयार होणारा विषारी पदार्थ यकृताच्या पेशींनाच मारू लागतो. सर्दीच्या अनेक संयुक्त गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, म्हणून एसओएस लिहिण्यापूर्वी रुग्ण आधीपासून काय घेत आहे, हे विचारावेच लागते.