मोडून बघणाऱ्यांचं संग्रहालय

मेरीलँडमधल्या लेक्सिंग्टन पार्क गावात, नौदलाच्या तळाला लागूनच एक संग्रहालय आहे. त्यात एक्स-३५सी आणि एक्स-३२बी अशी दोन विमानं आहेत. २००१ मध्ये ही दोन घराणी एकमेकांसमोर उभी होती. पैज होती अमेरिकेच्या पुढच्या कित्येक दशकांच्या लढाऊ विमानाची. २६ ऑक्टोबर २००१ रोजी निकाल लागला. लॉकहीडचं एक्स-३५ जिंकलं आणि पुढे त्याचंच एफ-३५ झालं. बोइंगचं एक्स-३२ हरलं, आणि मग त्याच्या जबड्यासारख्या रुंद तोंडावर विनोद करायला जग मोकळं झालं.

संग्रहालयात सहसा जिंकलेल्यांच्या तलवारी असतात. हरलेलं विमान जपायला इथे जागा मिळाली, कारण हे लढायांचं संग्रहालय नाहीच. पटक्सेंट रिव्हर नेव्हल एअर म्युझियम नौदलाच्या विमानांच्या चाचण्यांचा इतिहास सांभाळतं. आणि चाचणीच्या हिशोबात कशामुळे हरलो हे कळणं ही सुद्धा कमाईच असते.

पटक्सेंट नदी चेसापीक उपसागराला मिळते तिथे, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १ एप्रिल १९४३ रोजी हा तळ सुरू झाला. लोक त्याला नुसतं 'पॅक्स रिव्हर' म्हणतात. तोपर्यंत नौदलाच्या चाचण्या वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या होत्या. त्या एकत्र आणायच्या तर मोकळं आकाश हवं, जवळ पाणी हवं आणि काही कोसळलंच तर खाली दाट वस्ती नको. इथलीच चाचणी वैमानिकांची शाळा पुढे प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी चौघे, म्हणजे शेपर्ड, ग्लेन, कार्पेंटर आणि शिरा, तिथून तयार झालेले. पण अंतराळवीरांच्या कहाण्या सगळ्यांना पाठ असतात. मला या जागेचं आकर्षण वाटतं ते एका जुन्या, हट्टी प्रश्नामुळे: धावतं विमान हलत्या जहाजावर थांबवायचं कसं?

साधा हिशोब करून बघू. विमान ताशी २५० किलोमीटर वेगाने डेकवर येतं, म्हणजे सेकंदाला साधारण ७० मीटर. थांबायला जागा मिळते शंभरेक मीटर. याचा अर्थ तीन सेकंदांच्या आत वेग शून्यावर यायला हवा. वैमानिकाच्या अंगावर पुढच्या दिशेने त्याच्याच वजनाच्या अडीचपट ओढ बसते. नुसत्या ब्रेकने हे होत नाही. म्हणून विमानाच्या शेपटीखाली हुक असतो आणि डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. हुकने तार पकडली की डेकखालचं यंत्र ती हळूहळू सोडत विमानाचा वेग गिळून टाकतं.

यातली मजेची गोष्ट अशी, की चाकं टेकताच वैमानिक इंजिनाचा जोर कमी करत नाही, उलट पूर्ण वाढवतो. तार हुकली तर पुढे डेक संपतो आणि समुद्र सुरू होतो. तेव्हा परत उडण्याइतका जोर हाताशी हवाच. शिवाय जमिनीवर उतरताना विमान शेवटच्या क्षणी नाक वर करून अलगद टेकवतात, ती चैन इथे नाही. तारेच्या नेमक्या पट्ट्यात पडायचं तर ठरलेल्या उतारानेच येऊन आदळायचं. म्हणून नौदलाच्या विमानाचे पाय वेगळे, जाडजूड असतात. आपल्या तेजसच्या नौदल आवृत्तीचे पाय सेकंदाला सात मीटरच्या आसपास खाली येण्याचा धक्का सोसतील असे केले. हवाई दलाच्या तेजसला याच्या निम्माही धक्का गृहीत धरलेला नाही.

आता परत त्या एक्स-३५सीकडे, म्हणजे एक्स-३५च्या विमानवाहू नौकेसाठीच्या आवृत्तीकडे येऊ. २००१ च्या सुरुवातीला ते पॅक्स रिव्हरला आलं आणि जहाजावर उतरण्याचे अडीचशेहून जास्त सराव त्याने धावपट्टीवर केले. वैमानिक खूश होते. पण ते सराव टेकून पुन्हा उडण्याचे होते. तार पकडण्याची परीक्षा त्यात नव्हती, आणि दुखणं नेमकं तिथेच दबा धरून होतं.

दहा वर्षांनी, २०११ मध्ये, न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टच्या तळावर खऱ्या एफ-३५सीने तार पकडण्याचे आठ प्रयत्न केले. आठही फसले. कारण ऐकायला क्षुल्लक आहे. रडारला दिसू नये म्हणून या विमानात हुकसुद्धा पोटात लपवलेला असतो. त्यामुळे मागची चाकं आणि हुक यांत जेमतेम सव्वादोन मीटरचं अंतर उरलं. इतर नौदल विमानांत ते दुपटीहून जास्त असतं. चाक तारेवरून गेलं की तार डेकला दाबली जाते आणि मग उसळून वर येते. सव्वादोन मीटर म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. तार वर यायच्या आत हुक तिच्यावरून निघूनही जात होता!

उपाय शोधायला अभियंत्यांना बरंच झगडावं लागलं. हुकचं टोक तारेखाली शिरेल असं नव्याने घडवलं, आणि हुक डेकवर आपटून उडू नये म्हणून त्याला खाली दाबून धरणारी यंत्रणा सुधारली. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी एफ-३५सी निमित्झ या नौकेवर तार पकडून पहिल्यांदा थांबलं. आठ वेळा हुकलेलं ते विमान समुद्रात गेलं नाही, कारण त्या आठही वेळा खाली जमीन होती. हे सगळे तळ बांधले ते एवढ्याचसाठी.

एक्स-३२बीची गोष्ट वेगळी. त्याला हेलिकॉप्टरसारखं सरळ खाली उतरायचं होतं. बोइंगने इंजिनाचा झोतच खाली वळवायचं ठरवलं. साधी, कमी भागांची युक्ती. पण तापलेला झोत जमिनीवर आपटून परत वर येतो आणि तीच गरम हवा इंजिनाने आत ओढली, की इंजिनाला धाप लागते. जोरही अपुरा पडत होता. म्हणून या चाचण्या कॅलिफोर्नियातल्या उंच, तापलेल्या वाळवंटाऐवजी समुद्रसपाटीच्या पॅक्स रिव्हरला घेतल्या, कारण इथली दाट हवा इंजिनाला जास्त बळ देते. एवढं करूनही वजन घटवायला विमानाचे काही भाग काढून ठेवावे लागले. लॉकहीडने मात्र इंजिनाला दांडा जोडून वैमानिकाच्या पाठीमागे एक मोठा पंखा फिरवला. अवघड, किचकट, पण पंखा थंड हवा खाली सोडतो आणि ती गरम झोताला इंजिनाच्या तोंडापासून दूर ठेवते. सोपं ते चांगलं, असं आपण अभियांत्रिकीत घोकत असतो. इथे किचकट उत्तर जिंकलं.

पॅक्स रिव्हरच्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता किस्सा १९६३ चा आहे. नौदलाच्या मनात आलं, की दूर समुद्रातल्या नौकेवर माल पोचवायला हर्क्युलिस उतरवता येईल का? हर्क्युलिस म्हणजे चार पंख्यांचं, ४० मीटर पंखविस्ताराचं मालवाहू धूड. लेफ्टनंट जेम्स फ्लॅटली यांच्यावर काम आलं. फॉरेस्टल नौकेच्या डेकवर मधोमध रेघ धरून उतरलं, तर उजव्या पंखाचं टोक आणि नौकेचा मनोरा यांत पाच मीटरसुद्धा उरत नव्हते. विमानाला हुक नव्हता, उडताना पुढे ढकलून वेग देणारं कॅटापल्ट यंत्रही नाही. तरी ते २१ वेळा उतरून पूर्ण थांबलं आणि २१ वेळा स्वतःच्या जोरावर उडालं. साडेअडतीस टन वजनाला थांबायला ८१ मीटर पुरले, तर ५५ टनांना १४०. युक्ती दोन होत्या. नौका वाऱ्याच्या तोंडावर जोरात धावत होती, त्यामुळे डेकच्या मानाने विमानाचा वेग आधीच कमी झालेला. आणि डेक काही फुटांवर असतानाच पंख्यांची पाती उलटा जोर लावायला वळवलेली. विमानाच्या अंगावर कुणीतरी रंगवलं होतं, 'आई, बघ, हुक नाही!' सायकलचे हात सोडून ओरडणाऱ्या पोराचा तोच आविर्भाव. पुढे हा बेत बासनात गेला, कारण चाचणीत जमलं म्हणून रोज रात्री, वादळात, थकलेल्या वैमानिकाने ते करावं असं कुणाला वाटलं नाही. जमतं का आणि जमवावं का, हे दोन वेगळे प्रश्न. त्या विमानासाठी दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं.

संग्रहालयातली सर्वांत गमतीशीर वस्तू मात्र कापडाची आहे: गुडइयर कंपनीचं हवा भरून फुगवायचं विमान. १९५६ मध्ये पहिलं अवघ्या बारा आठवड्यांत तयार झालं. शत्रूच्या मुलखात कोसळलेल्या वैमानिकाला खोक्यातून टाकायचं, त्याने फुगवायचं आणि उडून परत यायचं, अशी कल्पना. कापडाच्या दोन थरांमध्ये हजारो दोरे विणलेले असतात, म्हणून फुगल्यावर पंख गोल न होता चपटाच राहतो. दाब मोटारीच्या टायरपेक्षाही कमी. फुगलेल्या कापडात हवा थरांना ताण देते. वाकताना पंखाच्या वरच्या थरावर दाब येतो, आणि तो दाब हवेच्या ताणाला गिळून टाकतो त्या क्षणी कापडाला सुरकुती पडते. सुरकुती पडली की पंख मोडलाच म्हणायचा. अशी बाराच विमानं बनली. एका चाचणीत वैमानिकाचा जीव गेला. नेम धरून मारलेल्या बाणाने पाडता येईल अशा विमानाचं करायचं काय, या प्रश्नाला लष्कराकडे उत्तर नव्हतं. हसू येतं खरं, पण दोन थर दोऱ्यांनी बांधून फुगवायची तीच युक्ती आज समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून वल्हवायच्या फुगीर फळ्यांत वापरतात.

पॅक्स रिव्हरमधून निघालेलं एक्स-४७बी हे वैमानिकविरहित विमान १० जुलै २०१३ रोजी एका विमानवाहू नौकेवर दोनदा तार पकडून उतरलं. तिसऱ्या खेपेला आपल्या दिशादर्शक संगणकातला बिघाड त्यानेच ओळखला, उतरणं रद्द केलं आणि किनाऱ्यावरच्या धावपट्टीकडे वळलं. बातम्यांत दोन यशांचा गाजावाजा झाला. चाचणीवाल्यांना तिसरी खेप जास्त आवडली असणार, असा माझा अंदाज आहे.

आता गोव्याकडे वळायला हवं, कारण धागा तिथे खरोखरच पोचतो. बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या बऱ्याच जणांनी वाटेवर नौदल विमान संग्रहालयाची पाटी पाहिलेली असते. १९९८ पासून ते तिथे आहे. आवारात सी हॉक आणि अलिझे ही विमानं उभी आहेत, जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडालेली. विक्रांतचा डेक तिरका होता. ही कल्पना ब्रिटिश नौदलाच्या डेनिस कॅम्बेल यांची. उतरणारं विमान चुकलं तर पुढे उभ्या विमानांवर न आदळता तिरपं निसटावं. १९५२ मध्ये तिची परीक्षा अमेरिकनांनी मिडवे नौकेवर घेतली, तीही सरळ डेकवर तिरक्या रेघा रंगवून. रंगाचा डबा आणि धाडस, एवढ्यात सिद्ध झालेला एवढा मोठा शोध विरळा. मे १९६१ मध्ये तहिलियानी यांनी विक्रांतवर पहिलं सी हॉक उतरवलं ते तशाच तिरक्या डेकवर. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

संग्रहालयापासून फार दूर नाही, त्याच दाबोळीच्या तळावर, आयएनएस हंसावर, जमिनीत बांधलेला नौकेचा डेक आहे. तारा आहेत आणि टोकाला चौदा अंशांचा चढ. या चढाला स्की-जंप म्हणतात. समजा विमान ताशी १६० किलोमीटरने चढ सोडतं. हा वेग उडायला पुरेसा नसतो, पण चढामुळे त्याला सेकंदाला दहा-अकरा मीटर वर जाण्याची गती मिळते. फेकलेल्या दगडासारखं ते काही क्षण वर जातं, आणि तेवढ्या उसन्या वेळात इंजिन बाकीचा वेग कमावतं. भाव चुकवावा लागतो तो पायांना: वळणदार चढावर धावताना चाकांवरचा भार अचानक वाढतो. नौदल तेजस या चढावरून पहिल्यांदा उडालं २० डिसेंबर २०१४ रोजी. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याने इथेच तार पकडली, आणि ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विक्रमादित्य या नौकेवर उतरवलं. नव्वदेक मीटरमध्ये ते उभं राहिलं.

अमेरिकेच्या मोठ्या विमानवाहू नौकांना असा चढ नाही, त्या कॅटापल्ट वापरतात. तरी पॅक्स रिव्हरला एक स्की-जंप आहे. ब्रिटनच्या एफ-३५बीसाठी, म्हणजे सरळ खाली उतरू शकणाऱ्या एफ-३५साठी, तो वापरात आला आणि २०१५ मध्ये त्या विमानाने तिथून पहिली झेप घेतली. २०२० मध्ये त्याच चढावरून सुपर हॉर्नेट हे अमेरिकी नौदलाचं लढाऊ विमान उडवलं गेलं, ते भारतीय नौदलाला दाखवायला. २०२२ च्या जानेवारीत फ्रान्सचं राफाल-एम, म्हणजे राफालची नौदल आवृत्ती, गोव्याच्या चढावर आलं आणि काही महिन्यांनी सुपर हॉर्नेटही. एप्रिल २०२५ मध्ये भारताने २६ राफाल-एमचा करार केला. सुपर हॉर्नेट तयार करणारी कंपनी बोइंग, एक्स-३२वालीच.