स्लाइड मागे ओढली की नळी वर का बघते?

‘दोन गावठी पिस्तुले, चार जिवंत काडतुसे जप्त.’ बीड, परभणी, नांदेडच्या पानांवर ही बातमी इतक्या नेमाने येते की मथळा तोच ठेवून फक्त तालुका बदलत असावेत असं वाटतं. 2024 च्या अखेरीस बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांवरून राज्यभर रान उठलं आणि तेव्हापासून आपल्याकडे चहाच्या टपरीवरही बोरची, म्हणजे नळीच्या आतल्या मापाची, भाषा चालते. अमक्याकडे बत्तीस आहे, तमक्याकडे बाराबोर, आणि एखाद्याकडे ‘फुल ऑटोमॅटिक’. मला शस्त्रांचा नाद आहे, पण तो कमरेला लावून मिरवण्याचा नाही, उघडून आत बघण्याचा. त्यामुळे या गप्पांत एक वाक्य आलं की मी गप्प बसू शकत नाही: ‘गावठी म्हणजे तीच वस्तू हो, फक्त स्वस्तात.’

तीच वस्तू नसते. का नसते ते कळायला चाप ओढल्यानंतरचे पहिले दोन मिलिमीटर बघावे लागतील. दोन मिलिमीटर म्हणजे गोळीचा प्रवास नव्हे, पिस्तुलाचा मागे सरकण्याचा प्रवास.

शाळेतला न्यूटनचा तिसरा नियम आठवा. त्याला उदाहरण बहुतेक बंदुकीचंच असायचं. गोळी पुढे, बंदूक मागे आणि दोघांचा संवेग सारखा. आता 9 मिलिमीटर पिस्तुलाचे आकडे घालू. गोळीचं वजन साधारण 8 ग्रॅम, वेग सेकंदाला 350 मीटर. गुणाकार केला की संवेग येतो 2.8. वेगवान गोलंदाजाचा 160 ग्रॅमचा चेंडू ताशी 130 किलोमीटरने आला तर त्याचा संवेग येतो 5.8 च्या आसपास, म्हणजे गोळीच्या दुप्पट. चेंडू अंगावर बसला म्हणून फलंदाज दहा फूट मागे उडत नाही. मग सिनेमात गोळी लागलेला गुंड काच फोडून बाहेर कसा जातो? दोरी बांधून ओढतात म्हणून. गोळी घातक ठरते ती धक्क्यामुळे नाही, ऊर्जेमुळे. चेंडूची ऊर्जा शंभरेक ज्यूल, गोळीची 490, आणि तीही बोटाच्या टोकाएवढ्या जागेत उतरते.

सुटलेल्या गोळीमागे हातात उरतो तो धक्का. तोफांच्या काळात तो निव्वळ उपद्रव होता. आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर एकेकाळी असलेली मुलूखमैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली आणि 1632 मध्ये ती विजापूरला गेली. तिचं वजन 55 टन सांगतात. एवढं धूड असलं की धक्का आपोआप जिरतो. पण हा धक्का जिरवण्याऐवजी कामाला लावावा, त्याच्याकडूनच पुढचं काडतूस भरून घ्यावं, ही युक्ती हायरम मॅक्सिमने 1884 च्या सुमारास मशीनगनमध्ये वापरली. पिस्तुलात ती सगळ्यात देखण्या रीतीने बसवली जॉन ब्राउनिंगने. लोक ज्याला ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात त्याच्यात मोटर नसते, बॅटरी नसते. असतो तो मागचा धक्का आणि एक स्प्रिंग.

आता खरी अडचण. काडतुसातली दारू पेटली की आत दाब होतो वातावरणाच्या दाबाच्या दोन हजार तीनशे पटींपर्यंत. काडतुसाची पितळी पुंगळी पातळ असते. नळीच्या मागच्या खोबणीत, म्हणजे चेंबरमध्ये, ती चारी बाजूंनी पोलादाने धरलेली असते म्हणून टिकते. दाब असतानाच ती मागे निसटली तर पितळ फाटतं आणि तापलेला वायू मागच्या बाजूने, नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. म्हणजे गोळी नळीबाहेर पडेपर्यंत मागचं दार बंद राहायला हवं. वेळ किती? जेमतेम सेकंदाचा दोन हजारावा भाग.

हे दार बंद कोण ठेवतं? दहापैकी नऊ जण सांगतील, स्प्रिंग. हिशेब करून बघा. पुंगळीच्या बुडाचं आतलं क्षेत्रफळ धरा अर्धा चौरस सेंटिमीटर. त्या दाबाला मागे रेटणारं बल भरतं एक टनाहून जास्त. आणि स्प्रिंग? ती साधारण आठ किलोंची. एक टनापुढे आठ किलो म्हणजे काहीच नाही. दार बंद ठेवतं ते वजन. जड वस्तू चटकन हलत नाही, हे जडत्व. 8 ग्रॅमची गोळी अकरा सेंटिमीटरची नळी ओलांडून जाते तोवर तिच्याहून साठपट जड असलेला लोखंडी भाग साठाव्या हिश्शाइतकाच मागे सरकतो, म्हणजे दोन मिलिमीटरच्या आत. स्प्रिंगचं काम नंतरचं. मागे गेलेल्या स्लाइडला, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या त्या सरकत्या लोखंडी भागाला, आवरायचं आणि पुन्हा पुढे आणायचं.

बत्तीस बोरच्या पिस्तुलाला एवढं पुरतं. त्याची गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास, वेगही कमी. नळी जागेवर घट्ट, मागे फक्त वजनदार स्लाइड. या रचनेला ब्लोबॅक म्हणतात. 1900 साली बेल्जियमच्या एफएन कारखान्याने काढलेलं ब्राउनिंगचं पिस्तूल याच तत्त्वाचं. पण हीच रीत 9 मिलिमीटरला लावायची तर स्लाइड चांगलीच जड करावी लागते आणि स्प्रिंग इतकी ताठ की ओढता ओढता मनगट भरून येतं.

ब्राउनिंगने काय केलं? नळीच एकटी ठेवली नाही, स्लाइडला जोडून टाकली. नळीच्या पाठीवर आडवे कंगोरे आणि स्लाइडच्या छतात त्यांच्या मापाच्या खाचा. कंगोरे खाचांत अडकलेले असतात तोवर नळी आणि स्लाइड हा एकच तुकडा. वजन मिळून साधारण अर्धा किलो. गोळी पुढे निघाली की हा जोड सेकंदाला सहा मीटरच्या आसपास वेग घेत मागे निघतो. पहिल्या दोन मिलिमीटरमध्ये गोळी बाहेर, दाब खलास. जोड अजून एकत्रच आहे. तीन ते पाच मिलिमीटर झाले की नळीच्या पोटाखालचा तिरका ठोकळा सांगाड्यातल्या आडव्या दांडीला भिडतो. ठोकळ्याची कड तिरकी, म्हणून नळीला मागे जाता येत नाही, खाली उतरावं लागतं. नळीचं शेपूट दोनतीन मिलिमीटर खाली बसतं, कंगोरे खाचांतून सुटतात, नळी थांबते आणि स्लाइड एकटी मागे धावते. धावता धावता तिची नखी पुंगळीला ओढून काढते, पुंगळी ठोकर खाऊन बाहेर उडते, घोडा चढतो. मग स्प्रिंगची पाळी. स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस खरवडून चेंबरमध्ये लोटते, नळीला पुढे ढकलते, ठोकळ्याची तीच तिरकी कड आता शेपूट वर उचलते आणि कंगोरे पुन्हा खाचांत. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत आटोपतं.

ज्यांना संवेगाचं पुस्तकी अंग आवडतं त्यांच्यासाठी एक गंमत, बाकीच्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. सुटण्याचं अंतर वेळेवर ठरत नाही, वस्तुमानांच्या गुणोत्तरावर ठरतं. दारू थोडी कमीजास्त झाली, गोळी थोडी हळू गेली, तरी दोन्ही बाजूंचे वेग एकाच प्रमाणात बदलतात आणि गोळी बाहेर पडते तेव्हा स्लाइड त्याच दोन मिलिमीटरवर असते. म्हणजे कुलूप उघडण्याची वेळ कुणी मोजत नाही, घड्याळ नाही, झडप नाही. गोळीच आपलं बाहेर पडणं कळवून जाते. दारूच्या वायूचाही थोडा वाटा असतो, गोळी सुटल्यावर तो मागून फुत्कारतो आणि स्लाइडला जरा जास्त वेग देतो, पण तोवर धोका टळलेला असतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. 2 जानेवारीला महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन असतो, त्या आठवड्यात जिल्ह्याजिल्ह्यांत शाळकरी मुलांसाठी शस्त्रं मांडतात. टेबलावर पिस्तूल बहुधा स्लाइड मागे अडकवून ठेवलेलं असतं, रिकामं आहे हे दिसावं म्हणून. तेव्हा पुढून बघा. उघडी पडलेली नळी स्लाइडच्या रेषेत नसते, तोंड किंचित वर करून बसलेली असते. असल्याच एका टेबलापाशी सहावी-सातवीतल्या एका पोराने हवालदारांना विचारलं, ‘काका, ही वाकडी झालीय का?’ काका म्हणाले, ‘तशीच असती ती.’ बरोबरच होतं. शेपूट खाली बसलंय म्हणून तोंड वर.

हवालदाराच्या कमरेचं ते पिस्तूल बहुतेक वेळा पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं 9 मिलिमीटर 1ए असतं, म्हणजे ब्राउनिंगच्या हाय-पॉवरचा भारतीय अवतार. ब्राउनिंग 1926 मध्ये बेल्जियममध्ये वारला. एफएनच्याच दियुदोने सैव्हने ते काम पुढे नेलं आणि 1935 मध्ये पिस्तूल बाजारात आलं. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलेल्या ग्लॉक पिस्तुलाचा सांगाडा प्लॅस्टिकचा, पण नळी तशीच शेपूट खाली टाकते. गंमत अशी की 9 मिलिमीटर आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध. परवानाधारकाच्या वाट्याला बहुधा येतं बत्तीस, त्यामुळे हा सगळा देखणा कारभार त्याच्या पिस्तुलात सहसा नसतो.

आता गावठीकडे. लेथवर बाहेरून हुबेहूब स्लाइड घडवणं अवघड नाही, वाळूजच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये त्याहून नाजूक कामं रोज होतात. पण वरच्या हिशेबात दिसायच्या गोष्टी नव्हत्याच. चेंबरचं पोलाद कोणतं, त्याला पाणी कसं दिलं, भिंत सगळीकडे सारखी आहे का, स्लाइडचं वजन त्या काडतुसाला पुरतं का. कारखान्यात नवी नळी नेहमीपेक्षा जादा दाबाचं काडतूस उडवून पारखतात आणि मगच तिच्यावर शिक्का बसतो. गावठीची ती परीक्षा पहिल्यांदा होते ती घेणाऱ्याच्या हातात. एक टनाचा रेटा कुणाची ओळख बघत नाही. फुटलं तर बोटं जातात, आणि कायद्याने जे व्हायचं ते वेगळं.

परवानाधारक ओळखीचे मला हमखास विचारतात, रिव्हॉल्वर की पिस्तूल? माझं मत रिव्हॉल्वर, आणि तेही वजनदार. 2014 मध्ये ‘निर्भीक’ नावाचं 500 ग्रॅमचं बत्तीस बोर रिव्हॉल्वर निघालं, महिलांच्या पर्समध्ये मावेल म्हणून त्याची बरीच जाहिरात झाली. पण संवेग काडतुसाने ठरतो, बंदुकीने नाही. 700 ग्रॅमच्या जुन्या रिव्हॉल्वरपेक्षा 500 ग्रॅमच्याला मागच्या धक्क्याची ऊर्जा 40 टक्के जास्त येते. बाळगायला हलकं ते उडवायला जड, आणि सराव नसलेल्या हाताला तर फारच. शिवाय पिस्तुलात एक मोठी खोट आहे. मॅगझिन काढलं की लोकांना वाटतं झालं रिकामं. चेंबरमधलं एक काडतूस आतच असतं. घरातले कितीतरी अपघात त्या एकानेच होतात. रिव्हॉल्वर उघडलं की सहाच्या सहा घरं समोर. अर्थात तेही निर्धोक नव्हे. 2024 च्या ऑक्टोबरात मुंबईत एका नामवंत अभिनेत्याच्या पायात त्याच्याच रिव्हॉल्वरची गोळी घुसली.

बाळगण्याबद्दल म्हणाल तर मराठवाड्यात शस्त्राचा पहिला शत्रू म्हणजे घाम. मे महिन्यात 42 अंशांत कमरेला लावलेल्या लोखंडाला खारट घाम आठवडाभरात गंज आणतो. निवडणुकीत ठाण्यात जमा करून आचारसंहिता संपल्यावर परत आणलेली शस्त्रं बघा, कातडी कव्हरातच ठेवलेली असतील तर ठिपके पडलेले दिसतील. कातडं ओल धरतं.

दुसरा शत्रू खंडेनवमी. पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू स्लाइडच्या खाचेत आणि नळीच्या तोंडात घालून वर खोबरेल कशाला? खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं. परभणीत डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा चाप आणि घोड्याच्या सांध्यात कुंकवाचा लगदा बसलेला असतो. देव प्रसन्न होवो न होवो, काडतुसाच्या बुडावर ठोकर देणारी फायरिंग पिन होत नाही. लग्नाच्या वरातीत हवेत उडवणाऱ्यांचं तर काय सांगावं. तिरकी सुटलेली गोळी खाली येतानाही जीव घेण्याइतका वेग राखून असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

हौशी लोकांची आणखी एक खोड म्हणजे चाप हलका करून घेणं. घोडा चढलेला असतो तो एका बारीक कडेवर, तिला सिअर म्हणतात, आणि तिची पकड बऱ्याचदा एक मिलिमीटरचीही नसते. ती घासली की चाप लोण्यासारखा चालतो आणि पिस्तूल टेबलावरून पडलं तरी उडतं. परवाना नसलेल्या कारागिराकडे हे काम देणं हा वर गुन्हाही आहे.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते .22 चं स्पोर्ट पिस्तूल. साधी ब्लोबॅक रचना, जड सांगाडा, धक्का जवळजवळ नाहीच. 25 मीटर पिस्तूल प्रकारात चाप निदान 1000 ग्रॅमचं वजन पेलेल इतका घट्ट असावा लागतो. त्यासाठी पिस्तूल उभं धरून चापाला वजन अडकवतात आणि टेबलावरून हळूच उचलतात. घोडा सुटल्याचा आवाज येत राहिला तर त्या चापाने स्पर्धेत उतरता येत नाही.